आनंदाच्या आड दडलेली भीती

करोनाच्या साथीत बंद झालेल्या शाळा पुन्हा उघडताच मुले आनंदाने परततील, हे तेव्हाचे म्हणणे बव्हंशी पटण्यासारखे होते. पण त्या आनंदाच्या आड दडलेल्या भीतीचीही दखल घ्यायला हवी होती. युनेस्कोच्या नोंदीनुसार एप्रिल २०२० मध्ये जगभरातील १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग बंद होते. 'माणसांपासून लांब राहा' असे ज्यांना आपणच महिनोन्महिने बजावले, ती मुले भरल्या वर्गात बिचकली असतील, तर तो हट्ट नव्हता. घरात आजी-आजोबा असतील, तर आपल्यामुळे त्यांना संसर्ग होईल ही धास्ती मूल अनेकदा बोलून दाखवत नाही. ती पोटदुखीतून, उडालेल्या झोपेतून किंवा चिडचिडीतून (लहानग्यांत तर विशेषच) बाहेर पडते. अशा वेळी 'काही होत नाही' म्हणण्याऐवजी मास्क आणि उघड्या खिडक्यांमागचे कारण समजावले, तर आपल्याही हातात काही आहे असे त्याला वाटते.