‘एक्झेम्प्शन’ म्हणजे सूट की हक्कसोड?

कऱ्हाडची मोगरी
मंडळी, एका शब्दावरून माझं आणि मामांचं बिनसलंय, म्हणून धागा काढतेय.

माझा मामेभाऊ फ्लोरिडात, टँपाला, बाथरूमच्या फरश्या बसवायची कामं घेतो. स्वतःची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे, माणूस एकटाच. तिथे बांधकामाच्या धंद्यात १ माणूस असला तरी कामगारांचा अपघात विमा काढावाच लागतो. बाकीच्या धंद्यांना ही सक्ती ४ माणसांपासून. पण ज्याची कंपनीत निदान १० टक्के मालकी आहे, त्याला ५० डॉलर भरून स्वतःपुरतं ‘एक्झेम्प्शन’ घेता येतं. ते २ वर्षं चालतं. दादाने ते घेतलं तेव्हा मी मामांना फोनवर सांगितलं, “दादाला विम्यातून सूट मिळाली.” मामांनी गल्लीत पेढे वाटले.

गेल्या दिवाळीच्या आधी दादा शिडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं. मामांनी पहिला प्रश्न केला, विमा किती देणार? काहीच नाही. कारण तो कागद घेतला की स्वतःच्या इजेची भरपाई त्या कायद्याखाली मागता येत नाही. मामा म्हणाले, “मग सूट कुणाला मिळाली गं? तू मला उलटंच सांगितलंस.” मला उत्तर देता आलं नाही.

आता कागदाची मुदत संपत आलीय. दादा पुन्हा घेणार की नाही, हे घरात ठरायचंय. या खेपेला मामांना बरोबर शब्द सांगायचा आहे. कोणता सांगू?

जुना कोश
शब्द ‘सूट’च. सूट हे सुटणे या क्रियापदाचं नाम. कशातून सुटला? विमा काढायच्या सक्तीतून. तेवढं खरं आहे. हप्ता वाचला तो त्याचाच. तुम्ही अर्धं सांगितलंत, त्याचं खापर शब्दावर का फोडता?

कऱ्हाडची मोगरी
कारण शब्दच अर्धं सांगतो. कापडदुकानात सूट, घरपट्टीत सूट, परीक्षेच्या फीमध्ये सूट. मराठी माणसाच्या कानाला सूट म्हणजे घेणाऱ्याचा निव्वळ फायदा. त्यासोबत काही जातं, हे त्यात कुठेच ऐकू येत नाही.

ऑर्लँडोचा हिशेबनीस
मी अशा छोट्या कंत्राटदारांची खाती लिहितो. आमच्याकडची मराठी मंडळी ‘एक्झेम्प्शन मिळालं’ कधीच म्हणत नाहीत. ‘एक्झेम्प्शन काढलं का?’ असं विचारतात, लायसन काढल्यासारखं. मला वाटतं यातच अर्थ आहे. मोठा कॉन्ट्रॅक्टर काम देताना दोनपैकी एक कागद मागतो, विम्याचा नाहीतर एक्झेम्प्शनचा. दोन्ही नसेल तर कायद्याने खालच्याच्या माणसांची भरपाई त्याच्या गळ्यात पडते. म्हणजे हा कागद म्हणजे कामावर शिरायचा पास झाला.

मोगरीताई, दोन गोष्टी भावाला नक्की सांगा. हा कागद फक्त त्याच्यापुरता. एक दिवसासाठी मदतनीस ठेवला तरी त्या पोराचा विमा हवा. आणि धंदा एलएलसी न करता नुसता स्वतःच्या नावावर असेल, तर बांधकामात हा कागद मिळतच नाही. राज्याराज्यात फरक आहे. टेक्सासात खासगी मालकाला विम्याची सक्तीच नाही, त्यामुळे तिथे या शब्दाची गरजच पडत नाही.

माहेरवाशीण
मला वाचताक्षणी ‘हक्कसोड’ आठवला. वडील गेल्यावर भाऊ तालुक्याला घेऊन गेला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कॅमेऱ्यापुढे बसवलं, अंगठा घेतला. बाहेर आल्यावर भावाने उसाचा रस पाजला. वाटेत एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, काय काम होतं? मी म्हटलं, हक्कसोड केली. ती गप्पच झाली. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुमच्या मामांना हा एक शब्द सांगा. पेढे वाटणार नाहीत.

वकीलबाई
शब्द चटका लावणारा आहे, पण कायद्यात बसत नाही. हक्कसोड कुणाच्या तरी लाभात होते, बहिणीची भावाच्या. इथे दादाने कुणाच्या लाभात सोडलं? विमा कंपनीच्या? आणि हक्कसोड कायमची, हा कागद २ वर्षांचा.

आपल्याकडे तर जुन्या कायद्यात मजुराला असं काही सोडताच येत नसे. १९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम १७ पाहा; २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. भरपाईचा हक्क सोडल्याचं कामगाराने लिहून दिलं, तरी तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरायचा. फ्लोरिडात सोडणारा मालक म्हणून सोडतो, कामगार म्हणून नव्हे. अडचण एवढीच की तुमच्या दादाच्या बाबतीत मालक आणि फरशी बसवणारा एकच माणूस आहे.

माहेरवाशीण
कुणाच्या लाभात म्हणता? ज्याने काम दिलं त्याच्या! त्याला विम्याचा भार नको म्हणून तर हा कागद चालतो. माझ्याही कागदावर ‘राजीखुशीने’ लिहिलं होतं.

पंचगंगा
कागदी शब्द कशाला? सरळ म्हणा, ‘दादाने भरपाईवर पाणी सोडलं.’ दान देताना हातावरून उदक सोडतात, तिथूनच हे आलंय. पाणी सोडलं की वस्तू आपली राहिली नाही. मामांना चटकन कळेल.

जुना कोश
पाणी सोडणे म्हणजे आशा सोडणे. गहाळ झालेल्या छत्रीवर पाणी सोडतात. सर्टिफिकेटच्या मथळ्यावर असं छापणार का? नेमका शब्द हवा असेल तर ‘स्वेच्छा-अपवर्जन’. स्वतःहून वगळून घेणे. अर्थ चोख बसतो.

पंचगंगा
चोख बसतो, पण मामांना फोनवर ‘अपवर्जन’ सांगून बघा. ते विचारतील, कुठला आजार आहे? भाषा बोलणाऱ्याची असते हो. सगळ्या भाषेला सोवळं नेसवलं की घरातली माणसंच परकी होतात.

जुना कोश
आणि सगळंच बोलण्यावर सोडलं की असं होतं. एका सोप्या शब्दाने पेढे वाटले गेले, हे तुम्हीच वर वाचलंत.

लातूरचा गुत्तेदार
‘कंत्राटदार’ हा शब्द सगळे बिनघोर वापरायलेत म्हणून लिहितो. आमच्याकडं गुत्तेदार म्हणतात, अन् तो परका नाही. तेलुगूत गुत्त, कानडीत गुत्तिगे. कंत्राट मात्र पोर्तुगीज.

वकीलबाई
पोर्तुगीज ‘कोंत्रातू’वरून की इंग्रजीवरून, यावर एकमत नाही. कोर्टाच्या जुन्या कागदांत मी ‘मक्तेदार’ही पाहिलाय. मक्ता अरबीतला, तोडून ठरवलेली रक्कम.

लातूरचा गुत्तेदार
फरक रकमेचा नाही, जबाबदारीचा आहे. आमच्या आजोबांच्या वक्ताला गुत्तं घेतलं म्हणजे माणसासकट घेतलं. माझ्या एका स्लॅबवर सेंट्रिंगचा पोरगा खाली आला, पायाचं हाड मोडलं. त्याला मुकादमाने आणलेलं, पण दवाखान्यात मी बसलो तीन रात्री. पैसेही मीच दिले. मूळ मालकाने फोन उचलला नाही.

वकीलबाई
मालकाचा तो बांधकामाचाच धंदा होता का? असेल तर त्याच १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्या पोराला थेट त्याच्याकडे भरपाई मागता आली असती. मालकाने आधी द्यायची, मग ठेकेदाराकडून वसूल करायची.

लातूरचा गुत्तेदार
बिल्डरच होता. हे मला त्या वक्ताला कुणी सांगितलं नाही. पोरगा आता गावाकडं पानटपरी चालवतो. अजून काही करता येईल का?

वकीलबाई
दावा अपघातापासून २ वर्षांत लावायचा असतो. उशिराचं कारण सबळ असेल तर तो माफ होऊ शकतो. किती वर्षं झाली? व्यक्तिगत निरोपात लिहा.

जुना कोश
‘माफ’ नको, ‘क्षमापित’ म्हणा.

कऱ्हाडची मोगरी
आत्ताच मामांशी बोलले. हक्कसोड म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “परत घेता येते का, सोडलेली?” मी म्हटलं, २ वर्षं संपली की नवा कागद घ्यायचा नाही, विमा काढायचा. आता हप्ता किती पडतो ते विचारायला दादाला फोन लावलाय.