चर्चचा सोफा आणि आपला बाणा

खडीसाखर

ऑगस्ट जवळ आला की ती पोस्ट उगवतेच, यंदाही उगवली. ‘अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांनो, सावधान! विमानतळावर न्यायला येणारे चर्चवाले धर्मांतराचं जाळं टाकतात, विद्यापीठच त्यांना तुमचे पत्ते पुरवतं, स्वाभिमानी मराठी मुलाने सरळ टॅक्सी करावी.’ खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितो.

टॅक्सी करा म्हणणाऱ्याने रात्री साडेअकराला डॅलसला उतरणाऱ्या मुलाचं पुढचं वेळापत्रक मांडून दाखवावं. २३-२३ किलोच्या दोन बॅगा, वर केबिन बॅग. अपार्टमेंटचं ऑफिस संध्याकाळी सहाला बंद झालेलं, म्हणजे किल्ली सकाळी. किल्ली मिळाली तरी वीज नाही. टेक्सासच्या बऱ्याच भागात वीज कंपनी भाडेकरूने स्वतः निवडायची असते आणि सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) नसला की कंपनी एकतर डिपॉझिट मागते नाहीतर प्रीपेड प्लॅन गळ्यात मारते. ऑगस्टातलं टेक्सास, एसीविना. शुभेच्छा.

कॅम्पसवरच्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटना नेमक्या या पहिल्या दोन-तीन रात्री सांभाळतात. विमानतळावरून यजमान कुटुंबाकडे, दुसऱ्या दिवशी सिमकार्ड, बँक, वाणसामान. शनिवारी फर्निचर वाटप: टोकन घ्या, पहिल्या फेरीत प्रत्येकी एकच मोठी वस्तू, सगळ्यांना मिळाली की दुसरी फेरी, दुपारी ट्रक घरपोच करतो. नायजेरियाचा, नेपाळचा, इराणचा, आपला, सगळे एकाच रांगेत. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. त्यांना आणायला ही पोस्ट फॉरवर्ड करणारे काका जाणार आहेत का?

शिवाय ‘चर्चवाले’ हा सरसकट शिक्का कशाला? मेथडिस्टांचं वेस्ली फाउंडेशन १९१३ सालापासून, इलिनॉय विद्यापीठापासून सुरू आहे. कॅथलिकांचे न्यूमन क्लब त्याहून जुने, पहिला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ मध्ये. यांचा बराचसा वेळ आपल्याच पंथाच्या मुलांत आणि गरजूंना धान्य देण्यात जातो. इंटरव्हार्सिटी आणि क्रू हे इव्हँजेलिकल, म्हणजे येशूचा प्रचार हे कर्तव्य मानणारे, त्यांची पद्धत वेगळी. सगळे एकाच माळेचे मणी धरायचे असतील तर वारकरी आणि इस्कॉनही एकच धरा.

पाचवा गियर

माळा ओवून झाली असेल तर पैशाचं बोलूया. इंटरव्हार्सिटी काय, क्रू काय, त्यांचा पूर्णवेळ कार्यकर्ता आपला पगार स्वतः देणगीदारांकडून उभा करतो. त्या देणगीदारांना नियमित पत्र जातं. पत्रात काय असतं? फोटो. सोफा उचलताना हसणारा आपला मुलगा, खाली नाव, देश, आणि ‘याच्यासाठी प्रार्थना करा’. मुलाला याचा पत्ताही नसतो.

शुक्रवारचं जेवण घ्या. पत्रकावर ‘इंटरनॅशनल डिनर, साडेसहा’. साडेसातला खुर्च्या गोल होतात, बायबल निघतं, आणि तुम्ही त्यांच्याच गाडीतून आलेले असल्यामुळे नऊपर्यंत उठता येत नाही. हे पत्रकावर का छापत नाहीत? दोन ओळींचा तर खर्च आहे. याला मी जाळं म्हणेन. तुम्ही पाहुणचार म्हणा.

मेथीची जुडी

धर्म राहू द्या, ताटाचं बोला. थँक्सगिव्हिंगला यजमान ‘व्हेजिटेरियन पण आहे हो’ म्हणतात आणि आपली मुलं डोळे मिटून खातात. स्टफिंग हा नुसता पाव वाटतो, पण तो कोंबडीच्या रश्शात (ब्रॉथ) भिजवलेला असतो. फरसबीत बेकनचे तुकडे. रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्याचं), थरथरणाऱ्या जेलीतही तेच. पायच्या पारीत डुकराची चरबी (लार्ड) असू शकते. मेक्सिकन बेत असेल तर घोटलेल्या राजम्यातही तीच, आणि भात पुन्हा चिकन ब्रॉथमध्ये शिजवलेला.

त्यांच्या डोक्यात शाकाहारी म्हणजे मांसाचा तुकडा दिसत नाही तो. म्हणून निरोप असा पाठवावा: मांस, मासे, अंडी नको, ब्रॉथ नको, जिलेटिन नको, लार्ड नको. सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. आणि स्वतः एक मोठं पातेलं छोले घेऊन जायचे, म्हणजे उपाशी राहत नाही आणि मिंधेपणही नाही.

खडीसाखर

@मेथीची जुडी, उत्तम माहिती, पण धागा जेवणाचा नाही.

@पाचवा गियर, फोटोचा मुद्दा बरोबर आहे. बरोबर आहे म्हणून पोस्ट बरोबर ठरत नाही. फोटो काढताना ‘वार्तापत्रात टाकू नका’ म्हणायला जीभ लागते, ती आपल्या मुलांना आहे. वीस-बावीस वर्षांचे इंजिनियर आहेत, अंगणवाडीतले नाहीत.

कलम खास

पोस्टमधल्या पत्त्यांच्या आरोपाबद्दल दोघेही गप्प आहात. फेर्पा नावाचा विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा १९७४ चा. त्यात ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’ असा प्रकार आहे: नाव, पत्ता, फोन, ईमेल यांपैकी विद्यापीठाने त्या यादीत जे जाहीर केलं असेल ते विद्यार्थ्याला वेगळं न विचारता बाहेर देता येतं. तुम्ही रजिस्ट्रारकडे नकाराचा फॉर्म भरला तरच थांबतं. तेव्हा पोस्टमधलं ‘विद्यापीठ पत्ते पुरवतं’ हे अगदीच खोटं नाही. फक्त ते चर्चसाठी खास नाही, मागणाऱ्या कुणालाही मिळू शकतं. पहिल्या आठवड्यात पोर्टलवर प्रायव्हसीचा रकाना शोधा. पण तो सरसकट बंद केलात तर पुढे नोकरी देणाऱ्याने पदवीची खातरजमा करायला फोन केला की विद्यापीठ ‘अशी नोंद सांगता येत नाही’ म्हणेल. इथे बरेच जण अडकतात. नोकरी शोधायच्या आधी तो नकार मागे घ्या.

आता ‘सरकारी विद्यापीठात चर्चला जागाच का देतात’ हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. १९८१ चा विडमार विरुद्ध व्हिन्सेंट निकाल. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसने कॉर्नरस्टोन नावाच्या ख्रिस्ती गटाला खोल्या नाकारल्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बाकी गटांना देता तर यांनाही द्या. ८ विरुद्ध १. आपली मुलं सरकारी विद्यापीठाच्या हॉलमध्ये गणपती बसवतात ते याच निकालाच्या आधारावर. चर्चला हाकला म्हणणाऱ्यांनी आधी आरतीचं ताट आवरावं.

पाचवा गियर

वकीलसाहेब, अर्धा निकाल सांगून थांबू नका. त्याच गटांना ‘सगळ्यांना प्रवेश’ हवा असतो, पण पदाधिकारी मात्र आपल्याच श्रद्धेचा. मग विविधता कुठे गेली? सोफा सर्वांना, खुर्ची स्वतःला.

कलम खास

२०१० चा मार्टिनेझ निकाल तुमच्या बाजूचा आहे, घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज लॉ कॉलेजने नियम केला की नोंदणीकृत गटाने सभासद आणि पदाधिकारी दोन्हीकडे कुणालाही घेतलं पाहिजे. ५ विरुद्ध ४ ने कॉलेज जिंकलं. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने असाच नियम लावून २०१४ मध्ये इंटरव्हार्सिटीची मान्यता काढली आणि २०१५ मध्ये तडजोड करून परत दिली. पण आयोवा विद्यापीठाने काही गटांना सवलत देऊन ख्रिस्ती गटालाच नियम लावला, तर २०२१ मध्ये अपील कोर्टाने अधिकाऱ्यांना झापलं. नियम लावायचा तर सगळ्यांना, एवढंच. ‘अध्यक्ष मराठी बोलणारा हवा’ असं घटनेत लिहिलेल्या विद्यार्थी मंडळांनी हसू नये.

करवीरकर

सगळे वकिली झाडताय पण हे प्रकरण सुरू कुठून झालं ते एकालाही ठाऊक नाही? कोल्हापूरहून! रॉयल विल्डर हा आमच्या कोल्हापूरचा मिशनरी. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला, प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या माउंट हर्मनला कॉलेजच्या पोरांचं शिबिर भरलं, तिथं याच्या खटपटीनं शंभर पोरांनी मिशनरी व्हायची शपथ घेतली. त्यातून कॉलेजच्या पोरांना मिशनरी बनवणारी स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली. अमेरिकेतल्या कॅम्पसवरचं हे सगळं खूळ पंचगंगेचं पाणी पिऊन गेलंय, भावांनो.

आणि बापाचं ऐका. १८७८ मध्ये गोपाळराव जोशांनी याच रॉयल विल्डरला पत्र लिहिलं, बायकोला, म्हणजे आनंदीबाईंना, अमेरिकेत शिकवायचंय, मदत करा. विल्डरनं ख्रिस्ती होण्याचा उपदेश केला आणि सगळा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला! पाचवा गियरसाहेब म्हणतात तसंच वार्तापत्र, फक्त फोटोविना. पोस्ट लिहिणारा बरोबर आहे. दीडशे वर्षं पद्धत तीच.

खडीसाखर

अर्धी गोष्ट सांगणं हा या धाग्याचा साथीचा रोग दिसतो. तेच छापलेलं पत्र न्यू जर्सीच्या रोझेलमधल्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं. धर्म बदल म्हणून अट घातली नाही. आनंदीबाईंची रक्षाही त्यांच्याच कुटुंबाच्या जागेत, पोकिप्सीला आहे. पत्र छापलं नसतं तर ११ मार्च १८८६ ची डॉक्टरकीची पदवी कुठून आली असती?

करवीरकर

पदवी आनंदीबाईंच्या हिमतीनं आली. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत सांगून निघाल्या होत्या, हिंदू म्हणून जाते, हिंदू म्हणूनच परत येईन. विल्डरच्या कृपेचा काय संबंध?

पाचवा गियर

श्रीरामपूर? नगर जिल्ह्यातलं?

करवीरकर

बंगालातलं! सेरामपूर. गुगल करा की राव.

मेथीची जुडी

आनंदीबाई तिथेही साडी नेसून राहिल्या आणि स्वतः रांधून खाल्लं. माझा ब्रॉथचा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

करवीरकर

आणि एक. खडीसाखर कार्पेंटरबाईंचं नाव पुढं करतात, पण बाई कुठल्या संघटनेच्या नव्हत्या. संघटनेनं अट घातली, शेजारणीनं घातली नाही. हाच फरक मला दाखवायचाय.

खडीसाखर

हा फरक मान्य. पण तुमचा ‘दीडशे वर्षं तीच पद्धत’ त्यानेच पडतो. आज विमानतळावर गाडी घेऊन येणारे बहुतेक निवृत्त शेजारीच असतात, संघटना फक्त यादी करते.

नगरी चहा

मी अहमदनगरचा मराठी ख्रिस्ती, म्हणून दोन्ही बाजूंना टोचणार. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून, नगरला १८३१ पासून. पाच पिढ्या ख्रिस्ती असलेल्या मराठी मुलीला या कॅम्पस गटात पहिला प्रश्न येतो, ‘तू हिंदू धर्म केव्हा सोडलास?’ आणि गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला गेली तर आडनाव ऐकून, ‘तुम्ही लोक पण फराळ करता?’ इकडे जिंकलेला आत्मा, तिकडे बाटलेली परकी. कॅम्पसवाले विविधतेचे फलक लावतात, पण त्यांच्या डोक्यात विविधता म्हणजे अजून ख्रिस्ती न झालेले लोक. उपासनेतली गाणी सगळी गिटारवरची अमेरिकन. मराठी भजन म्हणू का विचारलं तर ‘इंटरनॅशनल नाइट’ला म्हण म्हणतात.

आणि धर्मांतर धर्मांतर म्हणून ओरडणाऱ्यांनी हेही सांगावं की नव्या मुलांना आणायला मंडळ किती गाड्या पाठवतं. गणपतीच्या जेवणाचं तिकीट मात्र विद्यार्थ्यालाही लागतं.

पाचवा गियर

मंडळावर येऊ नका. बहुतेक ठिकाणी भारतीय विद्यार्थी संघटनाच पिकअप करते, सिनियर मुलं स्वतःच्या गाड्या घेऊन जातात. हे खडीसाखरांनी सोयीस्करपणे गाळलं.

नगरी चहा

करते, आणि तिथेही तेलुगू ग्रुप, गुजराती ग्रुप, मग आपण. बांगलादेशी मुलाला कोण नेतं?

संपादक

आडनावं, जात, जिल्हे थांबवा. आनंदीबाईंवर वेगळा धागा काढा.

करवीरकर

वेगळा कशाला? मुद्दा तोच आहे.

थंड डोकं

भांडण चालू ठेवा, तोवर ज्यांची मुलं यंदा निघालीत त्यांच्यासाठी लिहितो. आय-२० (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद) वरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या फार तर ३० दिवस आधी उतरता येतं, त्यामुळे सगळी गर्दी ठरावीक दिवसांतच होते. पिकअपचा फॉर्म तिकीट काढल्याबरोबर भरा. फॉर्मवर बॅगांची संख्या खरी लिहा. साध्या सेडानमध्ये चालकासह दोन मुलं आणि चार मोठ्या बॅगा म्हणजे कमाल झाली. ‘दोन’ लिहून चार आणणाऱ्यामुळे दुसऱ्याला विमानतळावर ताटकळावं लागतं. पहिल्या विमानतळावर इमिग्रेशनमध्ये वेळ जाऊन पुढचं विमान चुकतं, तेव्हा चालकाचा नंबर कागदावर लिहून ठेवा, तिथे भारतीय सिम चालेलच असं नाही. चालकाची पार्श्वभूमी तपासली आहे का, हे विचारणं उद्धटपणा नाही, बऱ्या संघटना स्वतःहून सांगतात. जुन्या पंधरा आसनी व्हॅनमध्ये खच्चून भरत असतील तर बसू नका. मागची आसनं भरली की ती उलटण्याचा धोका वाढतो.

फर्निचरमध्ये लाकूड आणि धातू घ्या. गादी आणि सोफा नाही. ढेकूण गादीच्या शिवणीत असतात, काळे बारीक ठिपके दिसले की हात जोडा. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीचे सांधेही टॉर्चने बघा. दिलेल्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे धुण्याआधी ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर तीस मिनिटं. एकदा घरात ढेकूण शिरले की काढायचा खर्च घरमालक तुमच्यावर ढकलायला बघतो.

पाचवा गियर

म्हणजे शेवटी सोफा घेऊ नका हेच ठरलं. धर्मामुळे नाही, ढेकणांमुळे. चालेल मला.

खडीसाखर

टेबल घ्या म्हणालेत ते सोयीस्कर विसरलात.

पाचवा गियर

टेबल घेऊ. फॉर्मवर ‘फोटो नको’ असा रकाना ठेवला आणि शुक्रवारच्या पत्रकावर ‘साडेसातला बायबल, परतीची गाडी त्याआधीही मिळेल’ असं छापलं, तर पुढच्या वर्षी मी ती पोस्ट फॉरवर्ड करणार नाही. छापणार नाहीत, पैज.

कलम खास

काही जण छापतात. बऱ्याच विद्यापीठांत धर्मगुरूंच्या मंडळाचा करार असतो, त्यात स्वतःची ओळख न लपवणं आणि दबाव न आणणं लिहिलेलं असतं. तो मोडला तर तक्रार तिथेच करायची. प्रिन्स्टनने तर २००८ मध्ये हिंदू चॅप्लेनही (विद्यापीठाचा धर्मगुरू) नेमला.

पाचवा गियर

तो विमानतळावर येतो का?

मेथीची जुडी

येत असेल तर निदान भात पाण्यात शिजवेल.