मदत हवी आहे: कॅमेऱ्यात शेजारची विहीर येते, रेकॉर्डिंगमधूनच कशी झाकायची?

नमस्कार मंडळी. देवबागला आमचं होमस्टे आहे. होडीचं इंजिन आणि जाळी मागच्या बाजूला असतात, म्हणून तिथे सीसीटीव्ही बसवतोय. पण त्यात शेजारच्या काकींची विहीर आणि न्हाणीची वाटही येते. पहाटे बायका तिथे पाणी भरतात, कपडे धुतात. ते आमच्याकडे साठताच कामा नये.

कॅमेरा वळवला तर होडी दिसत नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क आहे, तेवढ्या भागावर काळा चौकोन येतो. पण तो कॅमेऱ्यातच लागला तर ठीक. नुसता स्क्रीनवर असेल तर मूळ चित्र रेकॉर्ड होतच राहतं. बसवणारा म्हणतो, "काय फरक पडतो?" पडतो! २०१७ साली सुप्रीम कोर्टानं खासगीपणा मूलभूत हक्क मानलाय. कोर्टाचं सोडा, काकींच्या नजरेला नजर देता आली पाहिजे.

मास्क नक्की कुठे लागलाय हे डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावर) कसं तपासायचं? पावसाळी वाऱ्यात कॅमेऱ्याचा खांब कलला तर चौकोन तिथेच राहून विहीर उघडी पडेल, त्यावर उपाय काय? आणि चेहरे आपोआप धूसर करणारं, इंटरनेटशिवाय चालणारं काही कुणी वापरलंय का?