जुन्या घराचं रिनोव्हेशन: आर्किटेक्टची फी टक्क्यावर द्यायची का स्क्वेअर फुटावर?

घाटाजवळचा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं आजोबांच्या काळातलं घर आहे, खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर माडी, सगळं मिळून ११०० स्क्वेअर फूट. २०१९ ला पाणी शिरलं, परत २०२१ ला शिरलं, तेव्हापासून खालच्या गिलाव्याला हात लावला की भुगा पडतोय. आता एकदाच काय ते करून टाकू म्हणून दोन आर्किटेक्टना भेटलो, एक म्हणतात कामाच्या खर्चाच्या ८ टक्के, दुसरे म्हणतात स्क्वेअर फुटाला ८० रुपये. अंदाज १८ लाखाचा आहे, म्हणजे एकीकडं १ लाख ४४ हजार आणि दुसरीकडं ८८ हजार. एवढा फरक कसा काय? आई म्हणते गवंडी ओळखीचा हाय की, आर्किटेक्ट कशाला पायजे. हल्ली कुणी काम केलं असेल तर सांगा राव.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
भावा नुसते आकडे शेजारी ठेवून काय कळणार नाही, ८० वाल्यांना विचार साइटवर किती वेळा येणार ते. आमच्यात नुसती ड्रॉइंगं दिली, चौकटी बसवताना बोलावलं तर व्हिजिटचे पैसे वेगळे. आणि जीएसटी १८ टक्के धरलाय का? नोंदणी असेल तर १,४४,००० चे १,६९,९२० होतात, ते शेवटच्या बिलात दिसतंय.

नकाशावाला
मी याच धंद्यात आहे म्हणून जरा लांबण लावतो. नव्या बांधकामाला स्क्वेअर फूट चालतं, जुन्या घराला ते बसत नाही, कारण आधी आहे ते घर मोजून कागदावर आणायला लागतं आणि पेठेतल्या घरात एक कोपरा काटकोनात सापडला तर बक्षीस. मागं एका माडीचं काम होतं, खोली एका टोकाला १० फूट आणि दुसऱ्या टोकाला साडेनऊ. गिलावा पाडल्यावर कळलं की सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीनं खाल्लंय, वरून रंग एकदम ठणठणीत. मग ड्रॉइंग परत, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा (त्यांची फी सहसा वेगळीच असते, विचारून घ्या). हे सगळं ८० रुपयात करायचं म्हटलं तर माणूस साइटवर यायचंच बंद करतो.

टक्क्यात एकच मेख असते, टक्के कशावर? तुम्ही स्वतः जाऊन आणलेल्या फरशा, नळ, पंखे धरणार का? बरेच जण धरतात, कारण ते बसवायचं डिझाइन त्यांचंच असतं. फर्निचर, स्ट्रक्चरल, महापालिकेची फाइल फीच्या आत का बाहेर, हे आधीच लिहून घ्या. पैसे टप्प्यानं द्या: मोजणी आणि प्लॅन, मग वर्किंग ड्रॉइंग (गवंडी-सुतार ज्यावरून काम करतात ते मापांचे नकाशे), मग काम सरकेल तसे, शेवटचा हप्ता काम संपल्यावर.

अजून एक, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी नंबर विचारा, 'सीए/' नं सुरू होतो. १९७२ च्या कायद्यानं नोंदणी नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, पण पाट्या बघितल्या तर गल्लीत चार.

कौलारू_काकू
आमचं ८ टक्क्यावरच ठरलेलं. १८ चं काम २४ लाखावर गेलं, फी आपोआप ४८ हजारानं वाढली. त्यातले निम्मे पैसे तरी सिमेंट-लोखंडाच्या भावाचे, त्यात त्यांनी काय जादाचं केलं? भांडण नाही झालं पण चहा बंद झाला. तुम्ही मान्य अंदाजावर फी पक्की करून घ्या, आणि खोली वाढवली किंवा प्लॅन बदलला तरच जादा. आणि हो, माती-दगडाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू देऊ नका, ओल आतच कोंडते, चुन्याचा करा.

घाटाजवळचा
काकू, २०१९ नंतर गवंड्यानं सिमेंटचाच मारलाय, म्हणून पडतोय व्हय! दोघांनाही आता लिहून मागितलंय. ८० वाल्यांनी फोनवर सांगितलं व्हिजिट ६ मिळतील, पुढं प्रत्येकी १५०० आणि मोजणी वेगळी. टक्केवाल्यांनी मोजणी फीतच धरलीय, येत्या रविवारी टेप घेऊन येतायत. आईनं तुळईच्या टोकाचं वाचून काल कपाट सरकवून बघितलं, मागं मातीची रेघ आहे.

नकाशावाला
ती वाळवीची वाट असू शकते. खरवडू नका, रविवारी त्यांना तशीच दाखवा.