मदत हवी आहे: गाडी उशिरा पोचणार असं दिसलं की नवीन ड्रायव्हरने काय करावं? (पुण्याजवळचं चाकण ते गोव्यातलं वेर्णा)

नमस्कार. मी डिचोलीचा, वय 24. दोन वर्षं पिकअप चालवली, पण ती म्हापसा, पणजी, मडगाव एवढीच. संध्याकाळी घरी. तीन महिने झाले, एका ट्रान्सपोर्टकडे सहाचाकी गाडीवर लागलोय. लांबचा रूट माझ्यासाठी नवा आहे.

गेल्या आठवड्यात चाकणहून वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीचा माल होता. शनिवारी सकाळी 10 वाजता गाडी गेटवर हवी, असं सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी 9 ला मी चाकणच्या गेटवर हजर. पण नंबर लागून लोडिंग संपेपर्यंत दुपारचा 1 वाजला. कात्रजला ट्रॅफिक, पुढे कोल्हापूरपर्यंत जागोजागी रस्त्याचं काम. बेळगाव सोडलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. खानापूरच्या पुढे डोळे मिटायला लागले, म्हणून पेट्रोल पंपावर गाडी लावून दोन तास झोपलो. अनमोड घाटाच्या अलीकडे एक ट्रेलर बंद पडला होता, तिथे बराच वेळ गेला. मग मोले, फोंडा, बोरी पूल करत वेर्ण्याला पोचलो. वॉचमनने दोऱ्याने बांधलेल्या पेनने रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, 1.35. शनिवारी स्टोअर 1 वाजता बंद. सोमवारी या म्हणाले.

दीड दिवस गेटबाहेर काढला. हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) तर मिळालं नाहीच, वर माझ्या पैशातून 1500 कापले. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. अनमोड उतरताना मी घाई केली. खाली मोलेला आलो तेव्हा ब्रेकचा जळका वास येत होता. हात थरथरत होते. हे घरी सांगितलेलं नाही, इथे सांगतोय.

निघताना वेळेचा हिशोब कसा बांधायचा? फोन कधी आणि कुणाला करायचा? लवकर केला तर मालक ओरडतात, उशिरा केला तर पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, ओरडते. आणि कापलेले पैसे मागावेत का? जाणत्यांनी सांगा.

वाळपईहून

बाळा, तू झोपलास ते बरोबर केलंस. त्या दोन तासांबद्दल कुणाची माफी मागू नकोस.

आता तुझा उशीर कुठे झाला ते बघ. ट्रेलरपाशी नाही. तो चाकणच्या गेटमध्येच झाला. चाकण ते वेर्णा धर 500 किलोमीटर. भरलेली गाडी, घाट, टोल, शहरं सगळं धरून सरासरी 35 च्या वर लावू नये. म्हणजे नुसती चाकं फिरण्याचे 14 तास झाले. जेवण, डिझेल, चहाचे दोन तास. रात्रीची पाच तास झोप. झाले 21. शुक्रवारी 1 ते शनिवारी 10 बरोबर 21 तासच होतात. तुझ्या हातात एक मिनिटही शिल्लक नव्हतं, आणि ते तुला दुपारी 1 वाजताच कळायला हवं होतं. पहिला फोन तिथून. "गाडी 9 ला लागली, 1 ला सुटली, उद्या 10 धरू नका, दुपार धरा." मालक ओरडला तरी त्याच्या हातात एक पूर्ण दिवस असतो. शनिवारी सकाळी सांगितलंस तर तो काय करणार?

माझी स्वतःची सवय सांगतो. बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) माझ्या प्रतीच्या मागे गेटवर आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहितो, वॉचमनची किंवा सुपरवायझरची सही घेतो. सही दिली नाही तर गेटचा फोटो काढून ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर टाकतो, त्यावर वेळ येतेच. तुझ्याकडे असा एक कागद असता तर 1500 कुणाच्या खात्यात जातात ते बघितलं असतं. तरी मागून बघ. चाकणच्या गेट रजिस्टरला तुझी नोंद असेलच.

घाटाचं मात्र मनावर घे. अनमोड आपल्या बाजूला उतार आहे. ज्या गिअरला गाडी चढेल त्याच गिअरला ती उतरवायची, ब्रेक अधूनमधून, पाय ठेवून बसायचं नाही. वास आला म्हणजे ब्रेकचे लायनर तापले. तिथेच सुरक्षित जागा बघून गाडी लाव, चाकाला दगड लाव, थंड होऊ दे, पाणी मारू नकोस. संपूर्ण घाटात घाई करून वाचतात किती? दहा मिनिटं.

2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तोपर्यंत मी खनिज वाहणाऱ्या टिपरवर होतो. खेपेमागे पैसे. एक खेप जास्त मारायची म्हणून आम्ही एकमेकांच्या पुढे काढायचो, शाळेची मुलं रस्त्याच्या कडेने चालत असायची. त्या वेळच्या काही गोष्टी मी अजून विसरलेलो नाही. म्हणून एवढं लिहिलं.

कुंडईहून

मी गेटच्या आतला माणूस, एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम बघतो. आमची बाजू सांगतो. 10 ची वेळ दिली म्हणजे 10 ला हमाल, फोर्कलिफ्ट आणि रिकामी जागा ठरलेली असते. तुमची गाडी आली नाही तर ती जागा दुसऱ्या गाडीला देता येते, पण आधी कळलं तरच. ड्रायव्हरने सकाळी 7 ला फोन करून "मी रामनगरला आहे, तीन तास उशीर" म्हटलं तर मी दुपारची जागा ठेवतो. शनिवारी तर आवर्जून विचारायचं, "स्टोअर कितीपर्यंत चालू?" म्हणून निघतानाच आतल्या माणसाचा नंबर मागून घ्या. बिल्टीवरचा नंबर बहुतेक ऑफिसचा असतो, सकाळी तिथे कुणी उचलत नाही.

"अर्ध्या तासात येतो" असं मात्र खोटं सांगू नका. तीन तास म्हणालात आणि तीन तासांनी आलात तर पुढच्या वेळी तुमचा शब्द चालतो.

फोंड्याहून

मी ट्रान्सपोर्टचं बुकिंग बघतो. ई-वे बिलाबद्दल (माल नेण्यासाठी जीएसटीत काढायचं ऑनलाइन बिल) कुणी बोललं नाही. माल 50,000 रुपयांच्या वरचा असला की ते लागतं आणि दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. तुमच्या 500 ला तीन दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. गुरुवारी संध्याकाळी गाडीचा नंबर टाकून बिल काढलं असेल, तर ते रविवारी रात्री 12 ला संपलं. तुमची गाडी सोमवारी रिकामी झाली! मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या 8 तास आधीपासून संपल्यानंतर 8 तासांपर्यंतच. म्हणजे रविवारी दुपारी 4 ते सोमवारी सकाळी 8. ते काम ट्रान्सपोर्टवाल्याचं, पण आठवण तुम्हीच करून द्या, कारण रस्त्यात पकडले तर गाडी तुमच्यासकट उभी राहते. दंड कराच्या दुप्पट असतो. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तरी नवा नंबर बिलावर चढवायलाच हवा.

आणि तासांचं म्हणाल तर 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं लिहिलं होतं. लांबच्या रूटला काही वाढ चालायची. मालकाला हे शांतपणे सांगता येतं.

पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का विचारा. 2025 च्या जुलैत अनमोडला रस्ता खचला तेव्हा अवजड गाड्या बंद झाल्या आणि कितीतरी जणांचं वेळापत्रक कोलमडलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळपईच्या काकांनी लिहिलं तसा हिशोब काल मांडला. चाकणला पुन्हा उशीर झाला, साडेअकराला सुटलो. गेटवरच सही घेतली आणि तिथूनच मालकांना फोन केला. ते दोन मिनिटं बोलले, मग म्हणाले, "ठीक आहे, मी पार्टीला सांगतो." सकाळी रामनगरहून आतल्या सुपरवायझरला स्वतः फोन लावला. त्यांनी दुपारी 3 ची वेळ दिली. अनमोड दुसऱ्या गिअरला उतरवला, वास आला नाही. अडीचला गेटवर पोचलो, साडेचारला गाडी रिकामी.

1500 चं अजून बोललो नाही. चाकणच्या रजिस्टरचा फोटो पुढच्या खेपेला मिळतो का बघतो.

एक शंका राहिली. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात पनवेलहून माल आहे. मुंबई-गोवा हायवेवर त्या दिवसांत अवजड गाड्या बंद ठेवतात ना? मग पुणे-कोल्हापूरकडून यायचं तर किती तास जास्त धरू?

वाळपईहून

बंदीच्या तारखा दरवर्षी सणाच्या आधी जाहीर होतात, त्या बघूनच लोड घे. कोल्हापूरकडून येणार असशील तर आख्खा एक दिवस जास्त मागून घे, आणि आजच माग. चवथीला गोदामात माल उतरवायला माणसं असतील का, तेही विचार. आमच्याकडे तर तेव्हा सगळे माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायला घरी गेलेले असतात.