मदत हवी आहे: नवा ऑनलाइन गेम दोन दिवस लॉगिनलाच अडकलाय, दादा रविवारी बोटीवर जातोय

नमस्कार मंडळी,

गुरुवारी रात्री एक नवा गेम आला. मी आणि दादाने त्याचे पैसे आधीच भरून ठेवले होते, दोघांचे मिळून सात हजारांच्या आसपास. दादा मर्चंट नेव्हीत आहे. रविवारी रात्री तो रत्नागिरीहून मुंबईला निघतोय, तिथून बोटीवर. आता पाच महिन्यांनी घरी. लहानपणापासून आम्ही एका कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळलो, आता दोन कॉम्प्युटर आहेत, तर निदान तीन संध्याकाळी शेजारी बसून खेळू असं ठरवलं होतं.

गेम कायम ऑनलाइन लागतो, एकट्याने खेळायचा असला तरी. पहिल्या रात्री रांगेत माझा नंबर ४१ हजार होता. तासाभरात १२ हजारांवर आला आणि साडेअकराला लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर आहे, कॉम्प्युटर नाही. पाच मिनिटांत लाइट आली, पण नंबर पुन्हा ५३ हजार. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे गं, झोप." पण तो स्वतः अडीचपर्यंत जागा होता.

आज रांग संपली, तर लोडिंगची पट्टी शेवटाला जाऊन थांबते, चक्र फिरत राहतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी सर्व्हरशी संपर्क तुटल्याचं लिहून येतं. राउटर चार वेळा बंद-चालू केला. दादाने तर गेम काढून दिवसभर परत डाउनलोड केला. फरक शून्य.

मला विचारायचंय ते असं. दोष आमच्या लाइनचा की त्यांच्या सर्व्हरचा, हे खात्रीने कसं ओळखायचं? आणि जास्त काळजीचं म्हणजे, ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला तिथे १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच पैसे परत मिळतात. रांगेत उभं राहिलेला वेळही खेळण्यात धरलाय! माझ्या खात्यावर ५ तास दिसतात, प्रत्यक्षात एक मिनिट खेळले नाहीये. काय करू?

प्रतिसाद १

मी सर्व्हरच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लाइनचं बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून एकदाच लॉगिन करा. घरच्या लाइनवर जिथे अडकतं तिथेच हॉटस्पॉटवरही अडकलं, आणि बाकी साइट नीट चालत असतील, तर तुमच्याकडे दोष असण्याची शक्यता फार कमी. गेम पुन्हा डाउनलोड करू नका, त्याने काही होत नाही.

अडकतं कुठे, तर बहुतेक वेळा खेळाच्या मैदानात नाही, दारात. तत्काळचं बुकिंग सकाळी १० ला उघडतं तेव्हा काय होतं ते आठवा. गाडीला डबे किती का जोडेनात, सगळे एकाच खिडकीवर. लॉगिन, तुमचं खातं, तुमच्याकडच्या वस्तू, हे सगळं ज्या डेटाबेसमधून येतं तो दमतो. मग नवीन मशीन लावून उपयोग होत नाही, कारण ती मशीनही त्याच डेटाबेसला विचारतात. त्यात उत्तर उशिरा आलं की गेम आपणहून परत विचारतो, माणसंही बटण दाबत राहतात, आणि मूळ गर्दी दुप्पट-तिप्पट होते.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ हा विमान उडवायचा गेम आला तेव्हा, १९ नोव्हेंबर २०२४ ला, लोक ९७ टक्क्यांवर अडकले होते. नंतर बनवणाऱ्यांनीच सांगितलं की २ लाख नकली वापरकर्ते लावून चाचणी केली होती, तरी खरी गर्दी आल्यावर सतत लागणारी माहिती हाताशी ठेवून पुरवणारा साठा (कॅश) कोलमडला. हेलडायव्हर्स २ या गेमला फेब्रुवारी २०२४ मध्ये एका वेळी साडेचार लाख खेळाडूंची मर्यादा घालावी लागली, ती पुढे ७ आणि मग ८ लाखांवर नेली. तिथे लोक जागा जाऊ नये म्हणून गेम नुसता चालू ठेवून झोपायचे. शेवटी रिकामे बसलेल्यांना बाहेर काढायची सोय करावी लागली.

म्हणून रविवारपर्यंत खेळायचं असेल तर पहाटे ४-५ ला प्रयत्न करा. भारतातल्याच सर्व्हरवर गर्दी असेल तर तेव्हा ती सगळ्यात कमी.

प्रतिसाद २

पैशांचं मी सांगते. ५ तास दिसले म्हणून विनंती करायची थांबू नका. बरीच दुकानं नियमाबाहेरच्या विनंत्याही माणसाकडून तपासतात. रांगेच्या नंबराचे, चुकीच्या संदेशाचे फोटो तारीख-वेळेसकट जोडा आणि एका ओळीत लिहा की हा वेळ रांगेतला आहे. आजच पाठवा. तिथून नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

आणि दादांना बोटीवर हा गेम चालणार नाही, ते लक्षात घेऊनच काय ते ठरवा. २०१३ च्या सिमसिटी या शहर वसवायच्या गेममध्ये माझ्या नवऱ्याचे असेच हाल झाले होते. तेव्हा गर्दी कमी करायला वेळ पळवायचा सगळ्यात जलद वेगसुद्धा काढून टाकला होता. नेटशिवाय खेळायची सोय मिळाली ती थेट मार्च २०१४ मध्ये, वर्षभराने.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हॉटस्पॉटवर केलं, त्याच ठिकाणी अडकलं. म्हणजे लाइन ठीक आहे. दादाला उगाच वाटत होतं की त्यानेच बसवलेला राउटर बिघडलाय.

आज पहाटे पावणेपाचला उठलो. रांगेत फक्त ६०० जण! दोघंही आत गेलो आणि सव्वादोन तास खेळलो. आईने चहा कॉम्प्युटरपाशीच आणून दिला. सात वाजता परत बाहेर फेकले गेलो. उद्या पहाटे पुन्हा बसणार आहोत.

दादाच्या प्रतीचे पैसे परत मागायचं ठरवलंय, फोटो जोडून विनंती पाठवली आहे. त्याच्या खात्यावर आता ८ तास दिसतात, त्यातले सव्वादोन खरे, तेही लिहिलंय. माझी प्रत ठेवतेय.

अजून एक विचारते. दोन-तीन महिने खेळताना नेट न लागता दोघांना खेळता येईल, मधून मधून तो बोटीवरून नुसती सेव्ह केलेली फाइल मेलने पाठवेल आणि मी माझी चाल खेळून परत पाठवेन, असा एखादा आळीपाळीचा गेम कुणाला माहीत आहे का? त्याचा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक कार्ड नाही. रविवारी दुपारपर्यंत सांगितलंत तर त्याच्या लॅपटॉपवर टाकून देता येईल.