शहरातली फुलपाखरं उशिरापर्यंत उडतात: उत्क्रांती की नुसती गरमी?

सुरवंट: फिनलंड-स्वीडनच्या शहरांत फुलपाखरांचा हंगाम लांबलाय म्हणतात. शहर गरम, अळ्या लवकर वाढतात, एवढं कारण पुरेसं नाही का? आनुवंशिक बदल कसा ओळखायचा? पुण्यात तपासता येईल?

कोषपाल: गरमी आहेच, पण २०२१च्या अभ्यासात ती बाजूला काढून पाहिली. पिएरिस नापी हे फुलपाखरू आणि कियास्मिया क्लॅथ्राटा हा पतंग, दोघंही हिवाळा कोषात काढतात. शहरी आणि गावाकडच्या माद्यांची पिल्लं एकाच तापमानात वाढवली, तर मध्यम दिवसमानात शहरी कोष सुप्तावस्थेत (वाढ थांबवून हिवाळाभर पडून राहण्यात) कमी गेले, म्हणजे त्याच वर्षी उडाले. दिवसमान दोन्हीकडे सारखंच असतं. पण गावाकडे उशिराची पिढी थंडीत सापडते, शहरात तिला वेळ मिळतो. नैसर्गिक निवड तिथे होते.

करायचं असेल तर आधी एक पिढी प्रयोगशाळेत काढा, म्हणजे आईने भोगलेल्या हवामानाचा परिणाम कमी होतो. मग एकेका मादीची पिल्लं सगळ्या दिवसमानांत वाटा: २० अंशांवर रोज १२, १४, १६, १८ तास उजेड. महिन्याभरात फुलपाखरू निघालं नाही तर कोष सुप्त धरा, मेलेले वेगळे काढून. निम्मे कोष सुप्त होतात ते निर्णायक दिवसमान. शहरी आकडा आखूड यायला हवा. आणि एकच शहर घेऊ नका, तो फरक कशाचाही असू शकतो.

अंधारकोठडी: प्रयोग बहुतेक वेळा दिव्यांनी बिघडतो. दिवे लागले की अळ्या वाढवायची पेटी तापते, म्हणून १८ तासांची पेटी १२ तासांच्या पेटीपेक्षा सरासरीने गरम राहते, आणि उष्णता सुप्तावस्था टाळते. श्रेय मात्र दिवसमानाला जातं. तापमापक भिंतीला नको, अळ्यांजवळ ठेवा. काळोखाच्या वेळी दार उघडू नका. ओसाकात सार्कोफागा सिमिलिस माशीत रात्रीच्या उजेडाने सुप्तावस्था उशिरा सुरू होत असल्याचं २०२१मध्ये दाखवलंय. त्यासाठी उत्क्रांती लागत नाही.

मावळपट्टी: पुण्यात हा आराखडा जसाच्या तसा नको. इथलं दिवसमान वर्षभरात साधारण ११ ते सव्वातेरा तास, हेलसिंकीत जूनमध्ये १९च्या आसपास. आपल्याकडे मेलानायटिस लेडा हे फुलपाखरू घ्या: पावसाळी रूपात पंखाखाली ठळक डोळे, कोरड्या ऋतूत वाळल्या पानाचा रंग. अळ्या भात-गवतावर वाढतात. पेट्या दिवसमानाच्या नाहीत, तापमानाच्या लावा आणि कोणत्या अंशाला रूप पालटतं ते शहर-गाव ताडून बघा. नुसत्या फोटोंवर निष्कर्ष काढू नका, त्यात हवामान आणि वंश वेगळे होत नाहीत.